सॉलिसिटर उमेदवारी (इंग्लंड व वेल्स)

सॉलिसिटर उमेदवारी : पूर्णवेळ विद्यापीठात न जाता, कचेरीत पगारी नोकरी करत सॉलिसिटर होण्याची इंग्लंड व वेल्समधील पद्धत. ए-लेव्हलपर्यंत शिकलेली साधारण अठरा वर्षांची मुले-मुली शाळेतून थेट कचेरीत रुजू होतात आणि बहुधा सहा वर्षांनी त्यांचे नाव सॉलिसिटरांच्या पटावर चढते. काही वर्षे पॅरालीगल, म्हणजे वकिलांच्या कचेरीतील साहाय्यक, म्हणून काम केलेल्यांनाही प्रवेश मिळतो. पदवीधरांसाठी मुदत कमी असते. सी.ए.ची आर्टिकलशिप ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना हा साचा परका वाटणार नाही.

आठवड्यातला साधारण एक दिवस अभ्यासाचा, उरलेले कामाचे. सुरुवातीला कागदपत्रांच्या गठ्ठ्यांना पृष्ठक्रमांक घालायचे, घरखरेदीच्या प्रकरणात जमीन नोंदणी कार्यालयातून उतारा काढून मालक कोण आणि घरावर गहाण आहे का ते पाहायचे. पुढे मसुदे आणि पक्षकार हाताखाली येतात. ही पात्रता सातव्या स्तराची, म्हणजे पदव्युत्तर दर्जाची मानली जाते. अनेक अभ्यासक्रमांत वाटेत एल्‌एल्‌.बी.ही पदरी पडते.

हा मागचा दरवाजा आहे हा समज चुकीचा आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेली एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा विद्यापीठातून आलेल्याला आणि उमेदवाराला सारखीच द्यावी लागते. पहिल्या भागात ३६० प्रश्न असतात, प्रत्येकाला पाच पर्याय. दुसऱ्या भागात प्रत्यक्ष कामाची १६ प्रात्यक्षिके. त्यांतली पक्षकाराची मुलाखत पाहण्यासारखी आहे : दहा मिनिटे कागद वाचायला, पंचवीस मिनिटे पक्षकाराची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी बोलायला, आणि लगेच पुढच्या पंचवीस मिनिटांत त्या बोलण्याचे हाताने लिहिलेले टिपण. चार-पाच वर्षे खऱ्या पक्षकारांसमोर बसलेल्याला यात नवे काही नसते. उमेदवारीचा शेवटही या दुसऱ्या भागानेच होतो. इतरांना पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता आणि वर दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. उमेदवाराचे दोन्ही एकाच वेळी पुरे होते.

पद्धत नवी वाटली तरी मूळ व्यवसायच उमेदवारीतून वाढलेला आहे. १७२९ च्या कायद्याने ॲटर्नी किंवा सॉलिसिटर होण्यासाठी पाच वर्षे एखाद्या ॲटर्नीच्या हाताखाली करारबद्ध कारकुनी सक्तीची केली. ऑक्सफर्ड, केंब्रिज व डब्लिनच्या पदवीधरांना १८२१ मध्ये त्यातून दोन वर्षांची सूट मिळाली. म्हणजे पदवी ही सवलत होती, अट नव्हे. मात्र कारकुनाला पगार मिळण्याऐवजी त्याच्या घरच्यांनाच मालकाला शुल्क मोजावे लागे, करारावर स्टॅम्प ड्यूटी भरावी लागे ती वेगळी. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले डेव्हिड लॉइड जॉर्ज याच वाटेने आले. वेल्समधल्या पोर्थमडॉग येथील कचेरीत कारकुनी करून ते १८८४ मध्ये सॉलिसिटर झाले. त्याआधीच्या प्राथमिक परीक्षेला फ्रेंच लागे आणि गावात शिकवणारे कोणी नव्हते, म्हणून त्यांचे मामा रिचर्ड लॉइड, जे व्यवसायाने चांभार होते, ते स्वतः ती भाषा शिकत भाच्याला शिकवत गेले. असा मामा प्रत्येकाच्या नशिबी नसतो. पैशाची अडचण कितीकांची वाट अडवून बसली असेल, याची नोंद कुठल्याही पटावर नाही. स्त्रियांना तर १९१९ च्या कायद्यापर्यंत दारच बंद होते. कॅरी मॉरिसन १९२२ मध्ये इंग्लंडमधील पहिल्या स्त्री सॉलिसिटर झाल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यवसाय पदवीधरांचा झाला आणि शाळेतून थेट येण्याची वाट जवळजवळ बुजली. त्यात २०१२ पासून इंग्लंडमधील विद्यापीठांची कमाल फी वर्षाला ९,००० पौंडांवर गेली. २०१६ पासून नव्या उमेदवारीच्या तुकड्या सुरू झाल्या. एप्रिल २०१७ पासून वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांहून अधिक असलेल्या मालकांवर ०.५ टक्के उमेदवारी कर बसला आणि प्रशिक्षणाचा खर्च त्यातून भागू लागला. उमेदवाराला फी नाही, शिवाय पगार. जुन्या आणि नव्या उमेदवारीतला खरा फरक हाच : पूर्वी शिकणाऱ्याने मोजायचे, आता मालकाने. शंभर सुधारणांपेक्षा ही उलटापालट मोलाची आहे.

मुंबईला ही परंपरा परकी नाही. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरने पक्षकाराचे काम तयार करायचे आणि कौन्सेलने न्यायाधीशांपुढे उभे राहायचे, ही विभागणी इंग्लंडमधूनच आली. वकिलांच्या कायद्यातील १९७६ च्या दुरुस्तीने ॲटर्नी म्हणजेच सॉलिसिटर हा वेगळा वर्ग कायद्यातून गेला, तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आणि तिच्यासाठीची आर्टिकलशिप टिकून आहे. इंग्लंडमधील उमेदवारी मात्र साधारणतः तेथील रहिवाशांसाठीच आहे. भारतातल्या वकिलाला एसक्यूईचा मार्ग खुला आहे.

१ जानेवारी २०२६ पासून इंग्लंडमध्ये सातव्या स्तराच्या नव्या उमेदवारीसाठी सरकारी निधी, थोडे अपवाद वगळता, सुरुवातीला १६ ते २१ वर्षे वय असलेल्यांपुरताच राहिला. शाळेतून येणाऱ्यांची वाट त्यामुळे शाबूत आहे. कचेरीत वर्षानुवर्षे राबून तिशीत पोहोचलेल्या पॅरालीगलचा खर्च मात्र आता मालकाच्या मर्जीवर आहे.