खिडकी, साणे आणि धूर : पश्चिम खानदेशातील घरदुरुस्तीचा ऐतिहासिक विचार
(विशेष संदर्भ : धानोरा, जि. नंदुरबार)

प्रस्तावना

घराचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक बहुधा वाडे, गढ्या आणि मंदिरे यांच्याकडे वळतात. सामान्य कुटुंबाच्या घराची खिडकी हाही इतिहासाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव मराठीत अद्याप पुरेशी रुजलेली नाही. वास्तविक पाहता नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावात आज घरोघरी बोलला जाणारा प्रश्न हाच आहे. जुनी लाकडी झडपांची खिडकी काढून तिच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवावी काय? बसवायचीच झाली तर छताची गळती, गिलावा आणि फरशी या कामांच्या आधी की नंतर? वरवर पाहता हा प्रश्न गवंडी आणि सुतार यांचा आहे. परंतु त्यामागे किमान सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की या भागातील घरात हवा आणि उजेड येण्याचे मार्ग खिडकीच्या आधीपासून होते व ते खिडकीहून निराळे होते. बाहेरून आलेल्या प्रत्येक सुधारणेने फक्त खिडकी मोजली. जुने मार्ग मोजले नाहीत. त्यामुळे घर पक्के होत गेले तसतसे ते मार्ग कोणाच्याही लक्षात न येता बंद झाले. त्याची किंमत प्रामुख्याने चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीने मोजली.

खिडकीपूर्वीचे घर

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि पश्चिम खानदेशाच्या, म्हणजे नंतरच्या धुळे जिल्ह्याच्या, विभाजनातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, गावित यांच्या घरांचा विचार टाळून येथील वास्तूंचा इतिहास लिहिता येणार नाही.

या समाजांचे पारंपरिक घर म्हणजे सागाचे किंवा अन्य जंगली लाकडाचे खांब, बांबूच्या कामट्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवत वा नळीची कौले. अशा घराला बहुधा खिडकी नसे. एवढ्यावरून ते कोंदट होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कुडाचा वरचा भाग अनेकदा न लिंपता सोडलेला असे. कामट्यांच्या फटींतून वारा आत येई आणि चुलीचा धूर कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडे. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारताना हेच सांधे पुन्हा नीट बसविले जात. शिवाय धुरामुळे लाकडाला कीड कमी लागे, हा लाभ होता. डोळ्यांना होणारा त्रास मात्र होताच. जुन्या घराचे गुणगान करताना तो विसरून चालणार नाही.

सपाटीवरच्या शेतकरी वस्तीत धाब्याची घरे होती. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचे सपाट छत. बाहेरच्या भिंतीला उघडीप कमीत कमी. चोराचे भय आणि उन्हाची झळ ही दोन्ही कारणे त्यामागे होती. तापीच्या खोऱ्यातील उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी भिंतीत मोठे भोक असणे ही सोय नसून शिक्षा ठरते. म्हणून उजेड व धुरासाठी छतालाच एक भोक ठेवीत. त्यास साणे म्हणतात. पाऊस आला की त्यावर झाकण ठेवावयाचे. साणे हे खिडकीचे दरिद्री रूप आहे असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. परंतु तापलेली हवा वर चढते आणि धूर तिच्याबरोबर जातो, या साध्या नियमानुसार धूर काढण्याच्या कामी साणे हे भिंतीतील खिडकीपेक्षा सरस होते.

शब्दांचा इतिहासही येथे उद्बोधक आहे. 'गवाक्ष' आणि 'वातायन' हे शब्द ग्रंथांत राहिले. बोलीत आलेल्या 'खिडकी'चा जुना अर्थ मोठ्या दरवाजातील वा तटातील लहान दार असाही होता. काचेचे 'तावदान' फारसीतून आले, तर गोव्यात पोर्तुगीजांच्या 'जनेला'चे 'जनेल' झाले आणि तिथे काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने वापरात राहिली. शेजारच्या गुजरातीत खिडकीला 'बारी' म्हणतात. मराठीत बारी म्हणजे डोंगरातील अरुंद वाट.

खिडकी सरकारी होते

खिडकी हा शासनाच्या आस्थेचा विषय झाला तो प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा संमत झाला. त्या काळी दूषित हवा व अंधार हेच रोगाचे घर मानले जाई. म्हणून अंधाऱ्या खोल्यांवरील कौले काढून ऊन आत घेतले गेले आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी इंग्रजी आद्याक्षरे रंगविली गेली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने पुढे याच विचाराला नियमाचे रूप दिले. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशरेषेचा आग्रह मांडला. इमारतीची उंची तिच्यासमोरील मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असू नये, असा त्याचा सोपा अर्थ.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. प्लेग पसरतो तो उंदरांवरील पिसवांमुळे, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्येच मांडले होते व पुढील दशकात ते सर्वमान्य झाले. म्हणजे ज्या रोगासाठी खिडक्या पाडल्या गेल्या त्याच्याशी त्यांचा संबंध थोडाच होता. क्षयरोगाच्या बाबतीत मात्र हवा आणि उजेड खरोखर उपयोगी होते. चुकीच्या कारणासाठी योग्य गोष्ट घडल्याची उदाहरणे इतिहासात कमी नाहीत. पण कारण चुकीचे असले की ती गोष्ट कुठे आणि किती करावी याचेही भान सुटते.

ग्रामीण भागात याचे सर्वांत बोलके उदाहरण पंजाबातले आहे. १९२० च्या दशकात गुडगावचे डेप्युटी कमिशनर एफ. एल. ब्रेन यांनी ग्रामसुधारणेच्या मोहिमेत घरांना खिडक्या पाडण्यावर मोठा भर दिला. त्यांची बदली झाल्यावर त्या मोहिमेचा फारसा मागमूस राहिला नाही. खिडकी का नको, हे गावकऱ्यांना विचारण्याऐवजी ती का हवी हेच सांगितले गेले, हे या अपयशाचे एक कारण असावे.

पश्चिम खानदेशात बदल आला तो मोहिमेपेक्षा बाजारपेठेतून. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने नंदुरबार सुरतेशी जोडले गेले. लोखंडी गज, काच, मंगलोरी कौले हे साहित्य दूरवरून आणणे त्यामुळे सुकर झाले असले पाहिजे. मंगलोरी कौल एकमेकांत घट्ट अडकते. ते कमी गळते, पण त्याच्या सांध्यांतून धूरही कमी जातो. हा फरक त्या वेळी कोणी दोष म्हणून पाहिला नसेल.

घरकुल आणि दुरुस्तीचा निधी

स्वातंत्र्योत्तर काळात निर्णायक बदल घडविला तो इंदिरा आवास योजनेने. १९८५-८६ मध्ये सुरू झालेली ही योजना १ जानेवारी १९९६ पासून स्वतंत्रपणे राबविली गेली. विटांच्या भिंती, पत्रा वा स्लॅब आणि लोखंडी गजांची एखाददुसरी खिडकी असे घर त्यातून गावोगाव उभे राहिले. निर्धूर चूल आणि शौचालय हे घरकुलाचे भाग मानले गेले होते, म्हणजे धोरण आखणाऱ्यांना धुराचा विसर पडला नव्हता. प्रत्यक्षात मात्र सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच २००२ मध्ये केंद्राने थांबविला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद १९९९-२००० ची आहे. योजनेतील २० टक्के निधी कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी राखला गेला. प्रत्येक घरामागे १०,००० रुपये, व २००४ पासून १२,५०० रुपये. रक्कम तुटपुंजी खरी. पण घर पाडून नवे बांधण्याऐवजी आहे ते सुधारणे हेही शासनाचे काम आहे, अशी ती कबुली होती. १ एप्रिल २०१६ पासून या योजनेची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर झाले आणि साह्याची रक्कम सपाट प्रदेशात १.२० लाख व डोंगराळ, दुर्गम प्रदेशात १.३० लाख रुपये ठरली. दुरुस्तीचा वेगळा भाग मात्र या योजनेत नाही. परिणामी, १९९० च्या दशकात घरकुल मिळालेल्या कुटुंबाची खिडकी आज गंजली असेल तर तो खर्च सर्वस्वी त्याचा. हा बदल प्रशासकीय वाटला तरी माझ्या मते धोरणातील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

सरकत्या खिडकीचा हिशेब

राष्ट्रीय बांधकाम संहितेने उष्ण व कोरड्या हवामानासाठी खिडक्यांची उघडीप खोलीच्या क्षेत्राच्या किमान एक-दशांश असावी असे म्हटले आहे. १० फूट रुंद व १२ फूट लांब खोलीला म्हणजे १२ चौरस फूट. चार फूट बाय तीन फूट खिडकीचे माप नेमके तेवढेच भरते. पण झडपांची खिडकी जवळजवळ पूर्ण, सुमारे ९० टक्के, उघडते. दोन पाल्यांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडी राहते. २०१८ ची इको निवास संहिता हाच फरक हिशेबात धरते. ती संहिता मोठ्या शहरी बांधकामांसाठी आहे हे खरे, परंतु वारा तिचे कलम पाहून वाहत नाही. माप तेच ठेवून खिडकी बदलली, तर सुधारणा म्हणून केलेल्या कामाने खोलीतील हवा जवळजवळ निम्मी होते. दुकानदार हे सांगत नाही. बहुधा त्यालाही ते ठाऊक नसते.

सरकती खिडकी लोकप्रिय होण्यामागे सबळ कारणे आहेत, हेही मान्य केले पाहिजे. सागाची चौकट आज परवडत नाही आणि वाळवीचा प्रश्न असतोच. त्यातच येथील काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील हलक्या पायाच्या घराची भिंत हलते, चौकट तिरकी होते आणि झडप अडकते. घरमालक खिडकीला दोष देतो. वास्तविक दोष पायाशी आणि भिंतीलगत मुरणाऱ्या पाण्याशी असतो. म्हणून अशा घरात प्रथम छताची गळती व भिंतीकडेच्या पाण्याचा निचरा, मग भिंतीच्या भेगा, त्यानंतर चौकटी आणि शेवटी गिलावा व फरशी असा क्रम लावणे श्रेयस्कर. नवी चौकट आधी बसविल्यास तीही दोन-तीन पावसाळ्यांत तिरकी होण्याचा संभव राहतो.

कामाचा हंगामही ठरलेला आहे. जिल्ह्यातून गुजरातेत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. होळीनंतर आखाजीपर्यंत आणि तेथून पावसापर्यंत जो अवधी मिळतो त्यातच घराचे काम निघते. पैसा एकदम येत नाही, म्हणून खिडक्याही एकदम बदलत नाहीत. पहिली खिडकी ओटीवरची, रस्त्यावरून दिसणारी. दुसऱ्या वर्षी आतल्या खोलीची. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने घरात गॅस आला आहे. तरी भाकरी, पाणी तापविणे आणि जनावरांचे आंबोण यांसाठी चूल पेटतेच. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. स्लॅब पडल्यावर साणे गेले, गिलावा झाल्यावर फटी गेल्या, आणि चुलीवरच्या भिंतीत छताजवळ फूटभर झरोका ठेवण्याचा खर्च नव्या खिडकीच्या खर्चापुढे नगण्य आहे. तरीही स्वयंपाकघराची पाळी यादीत शेवटी येते, आणि अनेकदा त्या वर्षाचे पैसे तोवर संपलेले असतात.