जात्यावरच्या ओव्यांचे संकलन, मुळशी

पुणे जिल्ह्यातील डोंगरी मुळशी भागातून वाढलेला, कष्टकरी स्त्रियांचे मौखिक वाङ्मय जतन करणारा लोकाधारित उपक्रम. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेतील गावोगावच्या स्त्रियांच्या साथीने तो उभारला. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते थांबले आणि दळताना गायल्या जाणाऱ्या या ओव्या विस्मरणात जाऊ लागल्या. त्यांत सासर-माहेर, लेकीचे दुःख व विठ्ठलभक्ती यांबरोबरच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीची कृतज्ञताही येते. दलित स्त्रियांनी अशा ओव्यांतून स्वतः रचलेला इतिहास लिखित साधनांत क्वचितच आढळतो. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रणे झाली. राज्यभरातून 1 लाखाहून अधिक ओव्या जमल्या. 2017 पासून ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह त्या प्रसिद्ध करीत आहे.