नार्वे ते तेरेखोल

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावी, श्री सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावर एक छोटा शिलालेख आहे. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. शिवरायांच्या आज्ञेने देवालयाच्या कामाला आरंभ. इंग्रजी तारीख १३ नोव्हेंबर १६६८.

देव मात्र त्याहून कितीतरी जुना. कदंब राजांनी या कुलदैवताचे नाव नाण्यांवर कोरले. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ बहमनी काळात पडले, चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जमीनदोस्त केले. भाविकांनी लिंग मांडवी ओलांडून नार्व्याला आणले. महाराजांनी बांधायला घेतले ते अशा विस्थापित देवाचे घर, तेही पोर्तुगीज हद्दीच्या समोर.

उतरते कौलारू छप्पर, त्यावर घुमट, पुढ्यात दीपस्तंभ. पुढे गोव्याच्या देवळांत रुळलेल्या घडणीचा हा जुना नमुना. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याची दुरुस्ती केली आणि फेब्रुवारी २०२३मध्ये देऊळ नव्याने खुले झाले. अशा कामात खरी परीक्षा भिंतींची असते. जांभा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा त्या ओलीला वाट देतो, सिमेंट ती आत कोंडते. गोव्यात जीर्णोद्धाराच्या नावाखाली कितीतरी जुनी देवळे पाडून तिथे काँक्रीट उभे राहिले. म्हणूनच नार्व्याचे देऊळ मूळ रूपात टिकणे मोलाचे. तिथे आजही पूजाअर्चा आहे, गोकुळाष्टमीला पंचगंगा तीर्थावर स्नानाची गर्दी आहे.

पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल किल्ल्याची गोष्ट वेगळी. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंतांनी तो बांधला. १७४६मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला. त्याच वर्षी पेडण्यातला हळर्णचा किल्लाही पडला आणि व्हाइसरॉय आल्मेदाला ‘आलोर्नाचा मार्क्विस’ हा किताब मिळाला, तो त्याच गावावरून. पुढे तेरेखोलच्या चौकात सेंट अँथनीचे चर्च आले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी याच तटावर तिरंगा फडकवला आणि त्यापायी कैद भोगली.

गोव्याच्या मुक्तीनंतर किल्ल्यात पर्यटकांसाठी निवास झाला, पुढे त्याचेच हॉटेल. खोल्यांना वारांची नावे मिळाली. माणसांची वर्दळ राहिली की गळके छप्पर वेळेत लक्षात येते, दाराचे लाकूड कुजण्याआधी बदलले जाते. तेवढा फायदा नक्कीच. पण सत्याग्रहींनी पाय ठेवला तो तट केवळ खोली घेणाऱ्यांसाठी राखून चालणार नाही. केरीच्या फेरीबोटीतून येणाऱ्या कोणालाही तिथे विनाअडथळा चढता आले पाहिजे, आणि १९५४ची हकीकत तिथेच वाचायला मिळाली पाहिजे.