ध्वनिक्षेपकाची कड-दुरुस्ती

जुन्या ध्वनिक्षेपकातील शंकूभोवतीची जीर्ण लवचिक कड बदलण्याची प्रक्रिया. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये हलत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक (पहा : ध्वनिक्षेपक) मांडला. पुढे अशा अनेक ध्वनिक्षेपकांना पॉलियुरेथेन फोमची कड आली. दमट हवेत या फोमचे जलीय विच्छेदन होते (पहा : बहुवारिके), साधारण १५–२५ वर्षांत तो चिकट होतो व बोट लागताच त्याचा भुगा पडतो. दुरुस्तीत जुना फोम व गोंद खरवडून काढतात. वेटोळ्याभोवतीच्या चुंबकीय फटीत पातळ पट्ट्या खोचून ते मध्यावर धरतात आणि नवी कड चिकटवतात. गोंद वाळल्यावर पट्ट्या काढून कमी कंप्रतेचा स्वर (पहा : कंप्रता) वाजवतात, खरखर आल्यास वेटोळे घासत असते. मूळ शंकू, वेटोळे व चुंबक यामुळे वापरात राहतात.