मॅन ट्रॅप, द
‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा-मालिकेचा अमेरिकेत प्रथम प्रक्षेपित झालेला भाग (एनबीसी, ८ सप्टेंबर १९६६). लेखक जॉर्ज क्लेटन जॉन्सन व दिग्दर्शक मार्क डॅनिएल्स. इच्छेनुसार रूप पालटणारा शत्रू ही कल्पना प्राचीन आहे. रामायणातील मारीच सुवर्णमृगाचे रूप घेतो. जॉन डब्ल्यू. कॅम्बेल याने ‘हू गोज देअर?’ (१९३८) या दीर्घकथेत ती अंटार्क्टिकावरील संशोधकांच्या तळावर योजिली. तेथे सहकाऱ्यांपैकी खरा माणूस कोण, हे रक्ताच्या चाचणीने ठरवावे लागते.

प्रस्तुत भागातील प्राणी एका ओसाड ग्रहावरील लुप्तप्राय जातीतील अखेरचा असून मनुष्यदेहातील मीठ शोषून जगतो. त्याला समोरच्याच्या मनातील आठवणींचा आधार घेऊन रूप धारण करता येते, डॉ. मकॉय यास तो पूर्वीची प्रेयसी नॅन्सी भासतो. नॅन्सीला त्याने आधीच मारलेले असते. तरीही तिचा पती, पुरातत्त्वज्ञ क्रेटर, त्याचा सांभाळ करतो. ‘एंटरप्राइझ’ यानावरील काही कर्मचारी बळी पडतात. अखेर कर्णधार कर्क याचे प्राण वाचविण्यासाठी मकॉयला प्रेयसीच्याच रूपावर शस्त्र चालवावे लागते.

सहकाऱ्यांवरील निष्ठा येथे विजयी होते. मात्र तो विजय निर्भेळ नाही. क्रेटरने या प्राण्याची तुलना उत्तर अमेरिकेत बेसुमार शिकारीमुळे नामशेष होऊ लागलेल्या गव्यांशी केलेली असते. शेवटी कर्कलाही त्या गव्यांचेच स्मरण होते. स्वकीयांच्या रक्षणासाठी एका संपूर्ण जीवजातीचा अंत घडला, ही जाणीव या कथेला साध्या भयकथेहून वेगळी ठरविते.