नळी कच्चीच हवी

इसवी सनापूर्वी २५०० चा सुमार. काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या पठारावर तुम्ही उभे आहात. खाली दलचं पाणी, मागे डोंगरांची रांग. पायाशी जमिनीत खणलेला खड्डा: तोंडाशी अरुंद, तळाला ऐसपैस, आतून चिखलानं लिंपलेला. थंडीत माणसं यात राहत, असं पुढे उत्खनन करणारे म्हणतील आणि काही अभ्यासक ते मानणार नाहीत. आज ऊन पडलंय, सगळे बाहेरच बसलेत.

चुलीजवळच्या ढिगातून तुम्ही एक नळी उचलता. समोरची म्हातारी ती हिसकावून फेकते. बरोबरच आहे तिचं. फार शिजलं की हाडाचा चिवटपणा रश्श्यात उतरतो आणि ठिसूळ सांगाडा उरतो. उन्हापावसात तडकलेलंही कामाचं नाही. तिला ताजी नळी हवी, हरणाच्या पायाची, खुराच्या वरची, सरळ आणि जाड. या नळीवर लांबीच्या दिशेनं पन्हळ मुळातच असते.

दगडाच्या कपचीनं तुम्ही शिरा आणि हाडावरचा पातळ पापुद्रा खरवडता. मग त्याच पन्हळीत कपची ओढत राहायचं. एकच रेघ, पुन्हा पुन्हा. बोटं ओशट झालेली, कपची निसटते, अंगठा कापतो. म्हातारी बघतही नाही. रेघ मज्जेला भिडली की पाचर ठोकून नळी उभी फाडायची. त्याआधीच दगड घातलात तर ती वाकडीतिकडी फुटते.

फाडलेली पट्टी आता खरबरीत दगडावर. पाणी शिंपडत घासायचं, कोरडं घासलं तर भुकटी नाकात जाते आणि दगडही बुजतो. पांढरा गाळ मनगटापर्यंत येतो. दगडाची कपची घावानं निघते, हाडाचं हत्यार मात्र घासून घडतं. उतावळ्या माणसानं यात पडू नये. शेजारचा तरुण मासे मारायच्या भाल्याला उलटे काटे कोरतोय, तुमच्या वाट्याला सुई.

नेढं दोन्ही बाजूंनी टोकरायचं, मधे गाठायचं. तुम्ही एकाच बाजूनं जोर देता आणि टोक कडकन तुटतं.

म्हातारी तुकडा घेते, तुटकी कड दगडावर टेकवते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९६० नंतर इथं खोदलं, तेव्हा नेढ्याच्या सुया निघाल्या, तशा बिननेढ्याच्याही. ही दाभण होणार, कातड्याला भोकं पाडायला. नव्या नळीसाठी ती ढिगाकडे नाही, शिकारीकडे बोट दाखवते.