खेळ संपल्यावरचा चहा

परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मेल आली. तो थायलंडमध्ये एका शाळेत इंग्रजी शिकवतो. आमच्या नारायण पेठेत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा परदेशात जाऊन इंग्रजीचा मास्तर झाला, याचं मला अजून नवल वाटतं. त्यानं लिहिलं होतं, "बाई, पहिले दोन महिने वर्गात कुणी तोंडच उघडेना. मग एकदा शाळा सुटल्यावर मैदानावर गेलो. तिथे पोरं टाक्रॉ खेळत होती. वेताचा चेंडू, हात लावायचा नाही, पायानं नाहीतर डोक्यानं जाळीपलीकडे मारायचा. मी सपशेल आपटलो. पोरं हसून हसून लोळली. दुसऱ्या दिवसापासून वर्ग बोलायला लागला."

वाचून बरं वाटलं. पण माझं बी.ए. इतिहासाचं, त्यामुळे कुठलीही गोष्ट वाचली की मन मागे धावतं. आज आपली मुलं जसं परदेशात जाऊन इंग्रजी शिकवतात, तसे दीडशे वर्षांपूर्वी साहेब लोक आपल्याकडे येऊन इंग्रजी शिकवत होते. त्यांनीही सोबत खेळ आणले होते. त्यांचं कसं जमलं?

काश्मीरचं उदाहरण सगळ्यांत गाजलेलं. टिंडेल-बिस्को नावाचे इंग्रज पाद्री १८९० साली श्रीनगरच्या मिशन शाळेत आले. १८९१ मध्ये त्यांनी फुटबॉल आणला. चेंडू चामड्याचा, म्हणून पंडितांची मुलं शिवायला तयार होईनात. साहेबांनी शिक्षकांच्या हाती काठ्या दिल्या आणि मुलांना मैदानात हाकलत नेलं. एका मुलाच्या तोंडावर चेंडू बसला. आपण बाटलो म्हणून तो रडू लागला, तर त्याला पाण्यानं तोंड धुवायला लावून खेळ पुढे चालू केला. कालांतरानं त्याच शाळेतली मुलं हौसेनं फुटबॉल खेळू लागली हे खरं. पण पहिल्या दिवशी जे झालं त्याला ओळख वाढवणं म्हणवत नाही. ती सक्तीच होती.

राजकोटच्या राजकुमार कॉलेजात चेस्टर मॅकनॉटन हे प्राचार्य होते. त्यांची पद्धत सौम्य. वर्गाइतकंच महत्त्व ते मैदानाला देत. क्रिकेटचे रणजी त्यांच्याच हाताखाली शिकले. आणि १८८५ ते १८८९ या काळात आपले शाहू महाराजही तिथेच होते. पण गंमत पाहा, कोल्हापूरला गादीवर आल्यावर महाराजांनी जीव लावला तो कुस्तीवर. खासबागेचं मैदान हे त्यांचंच देणं. मास्तरांचा खेळ पाहिला, व्यायामाची गोडी घेतली, आणि ती आपल्या लाल मातीत आणून लावली.

आमच्या पेठेच्या माणसाचंही असंच. केसरीवाडा इथून हाकेच्या अंतरावर. टिळक डेक्कन कॉलेजात शिकले, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांत वर्डस्वर्थ होते, त्या कवी वर्डस्वर्थचे नातू. पहिलं वर्ष टिळकांनी तालीम आणि पोहण्यात घालवलं, परीक्षेत नापासही झाले आणि पुढे १८७६ मध्ये बी.ए. झाले. साहित्य साहेबांकडून घेतलं, पण शरीर कमावलं ते देशी पद्धतीनं.

आता पुण्यातली तिसरी गोष्ट. पालवणकर बाळू हे चांभार समाजातले. पुण्यात आधी पारशी क्लबात आणि मग युरोपियनांच्या पूना क्लबात ते नोकर होते. तिथे पगार महिना चार रुपये. काम खेळपट्टी झाडण्याचं, रोलर फिरवण्याचं. क्लबात ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. तो काही मास्तर नव्हे, पण सरावासाठी तो बाळूंकडून तासन् तास गोलंदाजी करवून घेई. त्यातून बाळू घडले. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही.

पुढे पुण्यातल्या हिंदू क्लबानं त्यांना संघात घेतलं. साहेबांना हरवायचं तर बाळू हवेत, हे उघड होतं. मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हाती फिरे, आणि तोही चामड्याचा. पण मधल्या सुट्टीत चहा आला की बाकीचे मंडपात, आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले ते १९२३ साली. म्हणजे मैदानावरून मंडपात यायला एका घराला तीस-एक वर्षं लागली.

हे लिहिताना एक जुनी गोष्ट आठवते आणि अजून टोचते. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. खो-खोत त्याच्यासारखा कुणी नाही. आंतरशालेय सामन्यात त्यानं सूर मारून शेवटचा गडी टिपला, तेव्हा पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. इंग्रजीच्या तासालाही त्या दिवसापासून तो हात वर करू लागला. मला वाटलं, झालं, हा मुलगा वर्गाचा झाला. पण मधल्या सुट्टीत डबा खायला तो जिन्याखाली एकटाच बसे. मी ते रोज पाहत होते. आज बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता वर्ष संपलं. त्याला शब्दार्थ खूप शिकवले, पण माझा डबा घेऊन त्याच्याशेजारी काही मी बसले नाही.

असो. थायलंडला उत्तर लिहायला बसले. आधी त्याचं कौतुक केलं. साहेब आपला खेळ घेऊन आले, तू त्यांचा खेळ शिकायला गेलास. मास्तर असून पोरांपुढे आपटलास, हेच तुझं भांडवल. साहेबांच्या इतिहासात हे फारसं दिसत नाही. मग लिहिलं, "आता एक सांग. खेळ संपल्यावर तू कुणाबरोबर बसतोस? तिथल्या शिक्षकांच्या टेबलावर, की तुम्ही परदेशी मंडळी वेगळी? आणि वर्गात असाही एखादा असेल, ज्याला टाक्रॉसुद्धा येत नाही. त्याच्याकडे लक्ष ठेव."

दोन दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ. "बाई, आज डबा घेऊन बाकावर त्याच्याशेजारी बसलो."

मेल बंद केली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.